वेवाणीच्या बरणीतला जास्तीचा हिंग

सकाळपासून खट्-खट् ऐकू येतंय. बाजारात कैऱ्या फोडणारा बसला म्हणजे वैशाख आला, मला कॅलेंडर बघावं लागत नाही. लाकडी पाटावर हा मोठा अडकित्ता ठोकलेला, बाजूला कैऱ्यांचं पोतं, आणि समोर पिशव्या घेऊन आम्ही बायका. "भाऊ, फोडी जरा बारीक करा हां." "काकी, बारीक पाहिजे तर घरी किसणी आहे ना? मी कैरी फोडतो, भांग नाय पाडत." सगळ्या हसतात. फोडीला बाठाचा तुकडा चिकटून आला पाहिजे, नाहीतर श्रावणापर्यंत ती मऊ पडते. हे त्याला सांगावं लागत नाही, तरी आम्ही सांगतोच.

पूर्वी त्या गर्दीत सगळ्यांत जास्त मी बोलायचे. आता पिशवी पुढे करते आणि गप्प उभी राहते. तो विचारतो, "काकी, तब्येत बरी ना?" बरी आहे म्हणते. आता त्याला काय सांगू, की कैरीचा चीक हाताला लागला की मला लाज वाटते. खरंच वाटते. या वयात कानाच्या पाळ्या गरम होतात.

डहाणू म्हटलं की बाहेरचे लोक चिकू विचारतात. विचारू देत. माझं माहेर गंजाडचं, आणि तिकडे घराच्या मागे रायवळ आंबा. झाडाखाली उभं राहिलं की चिकाचा तो तिखट वास नाकात जातो, आणि दाताला न लावताच दात आंबतात. माझी आई लोणचं घालायची म्हणजे कैरी, मीठ आणि घरची मिरची, बस्स. वर तेल तरंगायला तेल होतं कुठे? आणि हिंग म्हणजे तर औषध. मूल रडायला लागलं की पाण्यात उगाळून बेंबीभोवती लावायचा. चिमटीएवढा खडा, फडक्यात बांधून पत्र्याच्या डबीत ठेवलेला, शेजारचीही मागायला यायची.

लोणच्यात हिंग घालतात हे मला लग्न होऊन मसोलीला आल्यावर कळलं. सासूबाईंनी गरम तेलात खडा सोडला, तो लाहीसारखा फुलला, आणि जो काय वास सुटला! मी दारात उभी राहून नुसती वास घेत होते. त्या म्हणाल्या, "अगं आत ये, वासाने पोट भरत नाही." पण माझं भरलं होतं. बेंबीला लावायची वस्तू ही माणसं लोणच्यात कुटून घालतात, म्हणजे केवढ्या मोठ्या घरात पडले मी, असं वाटलं. तेव्हापासून माझ्या लोणच्यात हिंग जरा जास्तच. कोणावर माया असली की अजून जास्त.

हेमा, माझी एकुलती एक मुलगी, लहानपणी मसाला कालवून झालेली परात सोडायची नाही. तिच्यातच गरम भात टाकायचा, बोटांनी कडा पुसायच्या. "आई, इथे हिंगाचा खडा राहिलाय, हा माझा." डोळ्यांतून पाणी येतंय, नाक वाहतंय, आणि ही हसतेय. आमचे हे म्हणायचे, "हिला सासर हिंगवाल्याचंच बघायला पाहिजे." ह्यांचा जन्म फुग्याच्या कारखान्यात गेला. माझ्याबद्दल विचारलं तर लोकांना सांगायचे, "फुगे मी करतो, पण हवा सगळी हिच्यात."

ते काही खोटं नाही. मी लिहितेही तशीच. चौथीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं मिळेल ते वाचून. वाक्य सुरू केलं की मला थांबायचं कुठे ते सापडत नाही.

चौदा साली उन्हाळ्याच्या तोंडाशी हेमाचं लग्न झालं. सासर तलासरीकडचं, गुजराती बोलणारं शेतकरी घर, गळ्यात तुळशीची कंठी घालणारी माणसं. जावई जयेश टेम्पो चालवतो, बोलायला गोड. विहिणीला आमच्या या सीमेवरच्या भागात वेवाण म्हणतात. माझी वेवाण रमीलाबेन, उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. कांदा-लसूण त्यांच्यात चालत नाही हे लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी लोणचं घातलं ते लसणाशिवाय. आणि लसणाची कसर राहू नये म्हणून हिंग दुप्पट.

हसू नका. अजून पुढे आहे.

बरणी काचेची, भरून वर तेल, तोंडाला माझ्या जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. दरवर्षी जयेश टेम्पो घेऊन डहाणूला आला की त्याच्या हाती द्यायची. तो इथे आमच्याकडे जेवायचा, लोणचं दोनदा मागून घ्यायचा आणि म्हणायचा, "मम्मी, एक नंबर!" बाहेर फिरणारा माणूस, त्याला सगळं चालायचं. मग मी फोन लावायची. "हेमा, बरणी पोचली ना? आवडलं ना रमीलाबेनना? हिंग लागला ना नीट? या वर्षीचा खडा फार छान मिळाला गं, मी म्हटलं वेवाणीच्या बरणीत जास्त जाऊ दे. आणि ऐक, सरावलीच्या मावशीकडे काय झालं माहीत आहे का..." तिकडून "हो आई" ऐकू यायचं. एवढंच. मला तेवढं पुरायचं.

रमीलाबेन आमच्याकडे आल्या तर दही-भात खायच्या, एखादं केळं. वरणाची वाटी बाजूला सारायच्या. मी मनात म्हणायचे, बाई जरा तोऱ्यातली दिसते. हेमा दिवाळीला यायची तेव्हा पदर खोचून चुलीशी उभी राहायची. "तू बस आई, दोन दिवस मी करते." मी शेजारणीला सांगत सुटायचे, बघा, मुलगी असावी तर अशी. पानातलं लोणचं मात्र नको म्हणायची. पित्त झालंय म्हणे. मी तिला आवळ्याचं सांगायची, जिऱ्याचं सांगायची, अर्धा तास सांगायची.

सतरा सालच्या वैशाखात हेमाचा फोन आला. रमीलाबेन अंगणात घसरून पडल्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. "आई, कैऱ्या उतरवून ठेवल्यात, आणि अथाणं घालायला घरात कोणी नाही. मी एकटी कशी करू? येतेस?" मला काय, पंखच फुटले. वेवाणीच्या घरचं वर्षाचं लोणचं माझ्या हातचं! ह्यांना म्हटलं, "बघा, मान लागतो मान." हे म्हणाले, "मान घेऊन जा, पण तिथे दुसऱ्यांनाही बोलायला थोडी जागा ठेव." मी मोहरीची डाळ घेतली, मेथी घेतली, आणि हिंगाचा नवा खडा रुमालात गुंडाळून कमरेला खोचला, मुद्दाम.

तलासरीच्या पुढे रस्ता चढायला लागतो. त्या दिवसांत पळस झडून गेलेला असतो, जमीन भाजलेली, आणि मध्येच एखादं आंब्याचं झाड हिरवंगार उभं असतं. रमीलाबेनचं घर तशाच एका झाडापाशी. ओसरीवर कैऱ्यांचा ढीग, त्यावर ओली गोणी. रमीलाबेन खुर्चीवर, गळ्यात अडकवलेला हात, मला बघून उठायला लागल्या. "आवो, आवो, वेवाण. तुम्हाला त्रास दिला." मी म्हटलं, "त्रास कसला! बसा तुम्ही, आज तुमचा हात मी."

कैऱ्या पाण्यात टाकल्या, पुसल्या, फोडल्या. हेमा आणि मी समोरासमोर. मीठ-हळद लावून झालं. तेल तापवलं, मेथी तांबूस तळून काढली. मग मी कमरेचा रुमाल सोडला आणि खडा तेलाजवळ नेला.

"आई, थांब," हेमा म्हणाली.

"का गं, तेल कमी तापलंय?"

हेमा रमीलाबेनकडे बघायला लागली, रमीलाबेन जमिनीकडे. शेवटी त्याच म्हणाल्या, अगदी हळू, "वेवाण, आमच्यात हिंग नथी चालत."

मी हसले. वाटलं, आज एकादशी वगैरे असेल. "आज नाही का चालत?"

"कधीच नै. कांदा, लसण, हिंग, तीनों नै."

त्या वेळी मला नीट कळलंच नाही. माणसाला एकदम कळत नाही ना. मी तोंडाने "बरं बरं, नको तर नको, बिनहिंगाचंही छान होतं" म्हणत राहिले, आणि खडा परत रुमालात बांधला. लोणचं कालवलं, तोवर जयेशही टेम्पो लावून आत आला. मग बरणी पाहिजे होती. मी म्हटलं, "हेमा, मोठी बरणी कुठे असते?" आणि ती "मी काढते" म्हणेपर्यंत मी माळ्याच्या शिडीवर होते. कामाला मला उशीर खपत नाही.

वर अंधार होता. हात लावला तो कापडाला लागला. ओळखीचं कापड होतं. माझी जांभळी वायलची साडी. तिच्या शेजारी माझी पिवळी, फुलाफुलांची. त्याच्या पलीकडे ती निळी, काठ उसवलेली. सगळ्या बरण्या जशा पाठवल्या तशा, ओळीने, गळ्यापर्यंत भरलेल्या, गाठही माझ्याच हातची. एकही सोडलेली नव्हती.

शिडीवर उभ्या उभ्या मला एकेक फोन आठवायला लागला. आवडलं ना? हिंग लागला ना? आणि मीच, मीच पुढे बोलत गेलेली. खाली तीन माणसं मला बघत असतील म्हणून मी तोंड बरण्यांकडेच ठेवलं. किती वेळ कोण जाणे. जयेश खालून म्हणाला, "मम्मी, उतरा ना, मी काढतो," आणि त्याचा आवाज इतका गरीब झाला होता की मला रडूच यायला लागलं.

खाली आल्यावर मात्र लाजेचा राग झाला. होतो तसा. मी रमीलाबेनना म्हटलं, "एवढी वर्षं ठेवून दिलंत? सांगायचं होतं तोंडावर. नाहीतर फेकायचं होतं!"

त्या म्हणाल्या, "फेकाय नै, वेवाण. सुनेच्या पियरची, माहेरची वस्तू. अन् देणार कोणाला? कोणी विचारलं, का देता, तर काय सांगू? वेवाणने पाठवलं ते आम्ही खात नै? तुमचं वाईट दिसेल." मग प्लॅस्टरच्या हाताकडे बघत म्हणाल्या, "सांगायचं तर होतं. रोज होतं. पण तुम्ही एवढ्या प्रेमाने पाठवायच्या."

त्यांना माझी लाज वाटत होती आणि मला त्यांची. दोन म्हाताऱ्या बायका, मध्ये कैरीची परात.

मी हेमाकडे वळले. "आणि तू? तूही खात नाहीस? परात चाटणारी तू? तुझ्या तोंडचा घास काढून घेतला का यांनी?" हे मी रमीलाबेनच्या समोर म्हटलं. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या कैऱ्या पुढ्यात घेऊन.

हेमा चिडली नाही. म्हणाली, "आई, कोणी काही काढून घेतलं नाही. मी सांगणार होते तुला, पहिल्याच वर्षी. फोन कानाला लावून वाट बघायचे, तुझं वाक्य कधी संपतंय." मग थोडी हसली. "ते संपायचंच नाही."

संध्याकाळच्या एसटीने परत निघाले. हट्टाने दोन बरण्या पिशवीत घेतल्या, तिसरी जयेशने नंतर आणून दिली. त्यातलं आम्ही कितीतरी दिवस खाल्लं, जुनं लोणचं काही वाईट नसतं, पण हे एकदाही काही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. एसटीत पिशवी मांडीवर होती. गाडी खड्ड्यात गेली की फडक्यातून हिंगाचा वास यायचा. शेजारची बाई वाकून म्हणाली, "काय मस्त वास! कुठून आणलं, मावशी?"

"मुलीकडून."

"नशीबवान आहात. आमच्या मुली फक्त न्यायला येतात."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर मी शिकायला लागले, गप्प राहायला. सोपं नाही हो. फोनवर प्रश्न विचारला की लगेच तोंडात लवंग धरायची, म्हणजे जीभ तिच्याशी खेळत राहील. सुरुवातीला हेमा म्हणायची, "हॅलो? आई? रेंज गेली का?" मी म्हणायचे, "नाही गं, ऐकतेय." "काय ऐकतेयस? मी कुठे काय बोलतेय?" आणि दोघी हसायचो. पण हळूहळू ती बोलायला लागली. आधी छोटं छोटं. की तिला शिवण यायला लागलंय. की जयेशशी कधी कधी भांडण होतं. की रमीलाबेन झोपेत गाणी म्हणतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि दर खेपेला वाटायचं, अरे, ही कोण मुलगी आहे? बोलते छान.

हे सगळं आज लिहायला घेतलं ते कैऱ्यांमुळे नाही. परवाच्या फोनमुळे.

परवा मी मेथी तळायला घेतली होती. फोन वाजला. गॅस चालू, झारा हातात, आणि हेमा म्हणाली, "आई, आमच्या कैऱ्या उतरल्या. आज फोडतोय." मी म्हटलं, "छान. आणि तू कशी आहेस?" आणि थांबले.

ती म्हणाली, "आई, तू मागे म्हणालीस ना, तुझा घास काढला म्हणून. तसं नव्हतं ते. तुला सांगायचं राहिलंय."

मी लवंग तोंडात धरली.

"पंधरा सालच्या पावसाळ्यात मला दिवस गेले होते. कोणाला सांगायच्या आतच गेलं ते. सासूबाई रात्रंदिवस माझ्याजवळ बसून होत्या. केस विंचरायच्या, घास भरवायच्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. नुसत्या बसायच्या. बरी झाले तेव्हा मीच म्हटलं, मलाही कंठी द्या. त्यांच्या पानातलं जे असेल तेच माझ्या पानात, असं मीच ठरवलं. कोणी सांगितलं नाही, आई."

मेथी तांबूस झाली. मग काळपट झाली.

"तू तेव्हा फोन केला होतास. म्हणालीस, आवाज का बसलाय गं? मी म्हणणार होते, आई, ये. पण तू म्हणालीस, थंड पाणी पीत असशील, मीठ टाकून गुळण्या कर. आणि मग मसोलीत कोणाचं तरी लग्न होतं, तिथे जेवायला काय काय होतं ते सांगायला लागलीस."

मला ते लग्न आठवलं. जेवणही आठवलं, एकेक पदार्थ. तिचा आवाज आठवेना. खूप शोधला, आठवेना.

कढईतून धूर निघाला, घरभर कडवट वास झाला. हे बाहेरून ओरडत आले, "अगं, काय जळतंय?" त्यांनीच गॅस बंद केला. मी फोन कानाला लावून तशीच उभी होते. हेमा अजून बोलत होती. बराच वेळ बोलली. रडली नाही, नुसती सांगत गेली.

काल सकाळच्या गाडीने तलासरीला गेले. येते म्हणून कळवलं नव्हतं. हेमा आत फोडी पुसत होती, रमीलाबेन दारात तो मोडलेला हात उन्हाला धरून उभ्या. तो हात अजून पुरता सरळ होत नाही त्यांचा. मला बघून म्हणाल्या, "वेवाण! एकदम?"

वाटेत मी काय काय जुळवलं होतं. तुम्ही माझ्या मुलीची आई झालात, मी झाले नाही. त्या दिवशी तुमच्या ओसरीवर मी बोलू नये ते बोलले. सगळं पाठ केलं होतं. आणि तिथे उभी राहिले तर एक शब्द येईना. आयुष्यात पहिल्यांदा. मी नुसती वाकले त्यांच्या पायाशी. त्यांनी मला मध्येच धरलं. "अरे, आ शुं, हे काय करता? वेवाणने वाकायचं नसतं."

मग माझ्या तोंडाकडे बघितलं त्यांनी, नीट.

"हेमाने सांगितलं?"

मी मान हलवली.

"चला, आत बसा. ऊन लागेल."

आत खुर्ची मांडलेली होती, वेवाणीला खुर्चीच देतात. माझ्याने तिच्यावर बसवेना. मी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. "असं नको, वर बसा," म्हणून त्यांनी दोन-तीनदा सांगून बघितलं. मग तो वाकडा हात गुडघ्यावर टेकवत, हळूहळू, त्याही खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या.